मन्यारपुऱ्याची जमीला

जमीलाने डोक्यावरची टोपली गुणाबाईच्या ओट्यावर उतरवली, तेव्हा तिथे तांदूळ निवडत बसलेल्या बायका एकदम जास्तच लक्ष देऊन तांदूळ निवडू लागल्या.

नवरात्र तोंडावर आलं होतं. एरवी या दिवसांत तिची टोपली दिसली की बायका हातातलं काम टाकून गोळा होत. हिरव्या दाखव, त्या सोनेरी बुट्ट्यांच्या दाखव, मागच्या खेपेच्या फार कच्च्या निघाल्या, असा एकच गलबला होई. आज गुणाबाई तेवढी उठली. तिने आतून लोटाभर पाणी आणलं, तब्येत विचारली आणि दोन्ही नातींना हाक मारून पुढे बसवलं. जमीलाने पोरींच्या हातात पटापट बांगड्या भरल्या. मग सवयीने गुणाबाईपुढे हात केला. गुणाबाईच्या मनगटात दोनच जुन्या बांगड्या उरल्या होत्या, त्यांतल्या एकीला तडा गेलेला दिसत होता.

गुणाबाईने हात पदराखाली घेतला. "माह्या राहू दे या खेपेले," ती म्हणाली. "मंग पाहू."

जमीला काय ते समजली. तिने टोपलीवर फडकं बांधलं आणि पुढच्या घराकडे गेली. पुढच्या घरीही पोरींनी बांगड्या घेतल्या, एका म्हातारीने सुनेला माहेरी पाठवायच्या म्हणून काही बाजूला काढून घेतल्या. पण नवरा असलेल्या एकाही बाईने त्या दिवशी तिच्या हातात हात दिला नाही.

हा मोहल्ला चांद्याच्या किल्ल्याच्या भिंतीला लागून, पठाणपुऱ्याच्या दरवाजाच्या अलीकडे होता. गोंड राजाच्या वेळी राणीला लाखेच्या बांगड्या पुरवायला मन्यारांची घरं इथे वसवली, म्हणून मन्यारपुरा, असं म्हातारे सांगत. खरंखोटं कुणी पाहिलं नव्हतं. लाख गेली, काच आली. मन्यारांची घरंही एकेक करून नागपूरकडे नाहीतर गोल बाजाराकडे गेली आणि त्यांच्या जागी धानाची शेती असलेले कुणबी, दोन-चार तेलुगू विणकर, कोळशाच्या खाणीत जाणारे मजूर असे लोक येऊन राहिले. देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली तेव्हा मोहल्ल्यात मन्याराचं एकच घर राहिलं होतं, ते वहाबचं. घर बिनदुकानाचं होतं. वहाब टोपली घेऊन दारोदार जाई आणि सगळ्या मोहल्ल्याच्या बायका त्याला भाऊ म्हणत. नव्या नवरीला चुडा भरायचा तर वहाबभाऊच लागे. त्याच्या हाताला यश आहे, असं मोहल्ल्याचं मत होतं.

शेवटच्या काही वर्षांत वहाबच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्याला बांगडीचा रंग दिसेना, हाताचं माप दिसेना. तेव्हापासून जमीला त्याच्याबरोबर जाऊ लागली. वहाब भिंतीला टेकून बसे, तंबाखू मळे, बायकांना माहेरची खबरबात विचारी, आणि बांगड्या जमीला भरी. तीन-चार लग्नसराया अशाच पार पडल्या. त्या काळात मोहल्ल्यातल्या नववधूंचे चुडे जमीलाच्याच हाताने भरले गेले होते. पण वहाब शेजारी बसलेला असे, म्हणून ते वहाबने भरले असंच सगळे म्हणत. जमीलाही तसंच म्हणे.

महाकालीची चैत्रातली यात्रा आटोपली आणि आठच दिवसांत वहाब तापाने गेला. जमीलाच्या हातातल्या बांगड्या अंगणातल्या दगडावर फोडण्यात आल्या. तिच्या धर्मात याची सक्ती नव्हती, मौलवींनी तसं सांगितलंही. पण पिढ्यान्‌पिढ्या एका गल्लीत राहून रीत सगळ्यांच्याच घरात शिरली होती. नवऱ्यामागे पाळायच्या इद्दतीचे चार महिने आणि वर दहा दिवस ती घराबाहेर पडली नाही. त्या दिवसांत मोहल्ल्याने तिला काही कमी पडू दिलं नाही. कुणी तांदूळ पाठवले, कुणी डाळ. दिवाणजी गुणवंतरावांच्या घरून तर रोज दूध येई. मुदत संपल्यावर तिने टोपली उचलली, आणि मग हे असं झालं.

कुणी तिला वाईट बोललं नाही. बोलले असते तर तिला सोपं गेलं असतं. विधवा बाईच्या बोडक्या हाताने सवाष्णीच्या हातात बांगडी भरायची नाही, एवढंच ते होतं, आणि ते कुणी मोठ्याने म्हणतही नव्हतं.

वहाबचा पुतण्या शफी गोल बाजारात बांगड्यांचं दुकान चालवी. तो भला माणूस होता. त्याने येऊन सांगितलं की चाचीने आता घरी बसावं, तो दोन वेळचं पाठवत जाईल. जमीलाने नकार दिला. घरात बसून तिला चैन पडत नव्हतं. दुपारी गल्लीतून कुणाचीही हाक आली तरी तिला आपल्यालाच बोलावल्यासारखं वाटे. ती पोरींच्या बांगड्या विकत राहिली. खाणीकडच्या वस्तीत तिला कुणी ओळखत नव्हतं, तिकडे जाऊ लागली. पण तिथेही बायका आधी तिच्या मनगटाकडे पाहत.

मोहल्ल्यात सगळे ज्याचं ऐकत ते घर गुणवंतरावांचं. ते पूर्वी एका मालगुजार जमीनदाराकडे दिवाणजी होते. मालगुजारी गेली, पण मोहल्ल्याने त्यांना दिवाणजी म्हणणं सोडलं नाही. त्यांची बायको आशाबाई. तिने एकदा जमीलाकडून बांगड्या भरून घेतल्या असत्या तर बाकीच्यांचा प्रश्नच मिटला असता. हे आशाबाईला कळत होतं आणि जमीलालाही. आशाबाई तिला घरात बसवी, चहा देई, आणि बांगड्या मात्र शफीच्या दुकानातून मागवून घरच्या घरी मुलीकडून चढवून घेई. त्यात दोन-तीन पिचत. तिचा हात जाड होता, हाडाने रुंद. पिचलेले तुकडे जमीला पाही.

पुढच्या चैत्रात पुन्हा महाकालीची यात्रा भरली. नांदेडकडून, तेलंगणातून माणसांचे लोंढे आले, झरपट नदीच्या काठावर चुली पेटल्या. मन्यारांची वर्षाची कमाई या यात्रेत होई. आदल्या दिवशी गुणाबाई जमीलाकडे आली आणि इकडचं तिकडचं बोलून म्हणाली की यात्रेत कोण कुणाला ओळखते, दोन हिरव्या स्वतःच्या हातात चढवून बस, कुणी विचारणार नाही. गुणाबाईला तिची काळजी वाटत होती हे खरं होतं.

जमीलाने तसं केलं. दिवसभर तिची टोपली भरून रिकामी होत राहिली. एका बाईने तिला मुलंबाळं विचारली, मालक काय करतात विचारलं. जमीला म्हणाली, घरी आहेत, डोळ्यानं दिसत नाही त्यांना. बाई हळहळली आणि आपला हात पुढे केला.

उन्हं उतरताना ती घरी निघाली. पठाणपुऱ्याच्या दरवाजाशी येऊन तिने त्या दोन बांगड्या काढल्या. गुणाबाईने मागाहून विचारलं, धंदा तर झाला ना, मग बांगड्या का काढल्या?

"तो घरी बसला आहे म्हणून सांगतलं मी," जमीला म्हणाली. "अन् मंग घरी आली. बसला नव्हता ना."

गुणाबाईने पुन्हा तो विषय काढला नाही. जमीला दुसऱ्या दिवशी यात्रेत गेली ती बोडक्याच हाताने. ज्यांना पटलं त्यांनी भरून घेतल्या.

कार्तिकात, धान कापणीला आलं असताना, गुणवंतराव शेतावरून परत आले ते छातीवर हात दाबूनच. पाणी मागितलं आणि ते यायच्या आत गेले. सकाळपर्यंत आरमोरीहून त्यांची बहीण शकुबाई आली, धाकटे भाऊ बापूजी आले. सगळा मोहल्ला अंगणात उभा होता. तिरडी बांधून झाल्यावर बायकांनी आशाबाईला माजघरात आणलं. शकुबाई स्वतः विधवा होती, अशा वेळच्या सगळ्या रीती तिला ठाऊक होत्या. तिने पाटा मागवला. आशाबाईचे हात धरून त्याच्यावर आपटायचे, एवढंच राहिलं होतं.

आशाबाईने हात मागे घेतले. "जमीलाले बोलवा," ती म्हणाली.

बायकांना वाटलं दुःखाने ती भ्रमिष्टासारखं बोलते आहे. शकुबाईने समजावलं की हे मन्याराचं काम नव्हे.

"ज्या घरच्या हातानं इतकी वर्षं भरल्या त्याच घरच्या हातानं निघतीन," आशाबाई म्हणाली. "फोडू नका."

जमीला गर्दीच्या मागे, दारापाशीच उभी होती. ती पुढे आली. कुणी अडवलं नाही. या कामाला विधवेचा हात चालत होता. तिने वाटीभर तेल मागितलं. आशाबाईसमोर जमिनीवर बसली, तिचा हात आपल्या मांडीवर घेतला, बोटांना आणि मनगटाला तेल लावलं आणि अंगठ्याखालचं हाड दाबून पहिली बांगडी काढली. दीड वर्ष जवळून न पाहिलेला तो हात तिच्या ओळखीचा होता. रडून आणि रात्रभराच्या जागरणाने तो सुजला होता. वेळ लागत होता. बाहेर पुरुष खोळंबले, बापूजींनी दोनदा आत डोकावून पाहिलं. जमीलाने घाई केली नाही. एकेक बांगडी सबंध निघत होती आणि ती आशाबाईच्या पदरावर ठेवत होती.

दुसरा हात घेतला तेव्हा आशाबाईने हळूच विचारलं, "तुह्या वक्तीले कोणं उतरवल्या?"

"फोडल्या, बाई."

"कोणं?"

जमीलाने मान वर केली नाही. "सगळ्याच होत्या. तुम्ही बी होत्या."

शेवटची बांगडी निघाली, तेव्हा जमीलाने तिच्या हातावरचं तेल आपल्या लुगड्याच्या पदराने पुसलं. मग बाहेर तिरडी उचलली गेली.

घरात लग्नाची मुलगी होती. नीला, आशाबाईचं शेंडेफळ. तिचं लग्न वडील असतानाच मूल गावच्या एका शाळामास्तराशी ठरलं होतं. आता वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. बापूजींनी वैशाखातली तिथी धरली. कन्यादान ते आणि त्यांची बायको करणार होते. आशाबाईने कशातच तोंड घातलं नाही. हळदीच्या वेळी ती मागच्या खोलीत बसून राहिली. सवाष्णींच्या कामात विधवेची सावली पडू नये हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. वर्षापूर्वी तिनेच ते इतरांना सांगितलं असतं.

चुडा भरायचा दिवस आला. बापूजींनी गोल बाजारातून शफीला बोलावून आणलं. शफीने ओसरीवर चादर पसरली, हिरव्या काचेचे जुडगे मांडले. नीला पाटावर येऊन बसली. तेवढ्यात मागच्या खोलीचं दार उघडून आशाबाई ओसरीच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि गुणाबाईला म्हणाली की जाऊन जमीलाला घेऊन ये.

शकुबाई उठून तिच्याजवळ गेली. आधी तिने खालच्या आवाजात सांगून पाहिलं की मयताच्या दिवशीची गोष्ट वेगळी आणि आजची वेगळी, ही पोरीच्या सौभाग्याची बाब आहे. आशाबाई ऐकेना तेव्हा शकुबाईचा आवाज चढला. आपल्या भावाचं घर, आपल्या भावाची पोर, तिच्या वाईटावर आईच उठली आहे काय, असं ती म्हणाली.

आशाबाईने आपले दोन्ही हात पुढे केले.

"माह्या हातात वहाबभाऊनं भरल्या," ती म्हणाली. "यशाचा हात होता. जमीला तवा सवाशीण होती, थे बी भरे. एकही अपशकुन नाई झाला. मंग हे हात आज बोडके कसे?"

गुणाबाई उठली आणि चपला न घालताच गल्लीत गेली.

जमीलाला यायला वेळ लागला. खरं म्हणजे ती यायला तयार नव्हती. गुणाबाईने दारात उभं राहून सगळं सांगितलं, तेव्हा ती दोन पावलं मागे सरली. इतके दिवस तिला ज्याची चीड येत होती तीच भीती तिच्याही मनात होती, हे तिला तेव्हा समजलं. पोरीचं काही बरंवाईट झालं तर? लोकांनी बोट दाखवायच्या आधी आपण स्वतःलाच काय सांगणार? ती गुणाबाईला हे म्हणालीही. गुणाबाई म्हणाली, "मले नाई माहीत. पण बाईनं हात केले पुढं सगळ्याईसमोर. तू नाई आली तर थे हात तसेच राहतीन."

म्हणून ती आली. ओसरीवर तिला पाहताच शफी उठून उभा राहिला. त्याने चादरीवरची आपली जागा हाताने झटकली.

"चाची, तुम बैठो," एवढंच तो म्हणाला आणि खांबाला टेकून बाजूला उभा राहिला.

जमीला बसली, पण तिने नीलाचा हात घेतला नाही. तिने पोरीला विचारलं, "तुले चालते का, माय? तू नाई म्हण. मले राग नाई येणार."

नीलाने एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा उंबऱ्याकडे. मग तिने हात पुढे केला. तो आईच्या हातासारखाच होता, रुंद हाडाचा, फक्त कोवळा.

बांगड्या भरेपर्यंत कुणी गाणं म्हटलं नाही. अशा वेळी बायका गातात. त्या दिवशी फक्त काचेचा आवाज येत होता. दोन्ही हात भरून झाल्यावर नीलाने रीतीप्रमाणे मन्यारणीला वाकून नमस्कार केला. जमीलाने तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि मधेच थांबवला. नीला वाकलेलीच राहिली. तेव्हा जमीलाने तो ठेवला.

शकुबाई मात्र हरली नव्हती. संध्याकाळी ती आणि बापूजी आशाबाईशी बोलायला बसले. मुलाकडची माणसं उद्या येणार होती. चुड्याची गोष्ट त्यांच्या कानावर गेलीच तर कसं निभवायचं ते पाहू, बापूजी म्हणाले, पण आता आणखी काही नको. लग्न लागताना आशाबाईने मांडवात यायचं नाही, पुढच्या अंगणातही दिसायचं नाही. हे त्यांनी वहिनीला हात जोडून सांगितलं. आशाबाई हो म्हणाली. तिला जे हवं होतं ते झालं होतं, त्याची भरपाई कुठेतरी करावी लागणार हे धरून चालायची तिला सवय होती.

दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातलं प्रत्येक घर त्या मांडवात होतं. विणकरांनी सतरंज्या दिल्या, खाणीतल्या पोरांनी पाणी भरलं, शफीने बाजारातून गॅसबत्त्या आणून टांगल्या. जमीला मागच्या दाराने आली. तिला ठाऊक होतं आशाबाई कुठे असेल. मागच्या अंगणात, पाटावरवंटा आणि उलट्या घातलेल्या गंज-पातेल्यांच्या मधे आशाबाई पायरीवर बसली होती. तिने धुवट लुगडं नेसलं होतं. पुढे बँड वाजत होता. मधली मातीची भिंत पुरुषभर उंच होती.

जमीला तिच्या शेजारी टेकली. मग बँड थांबला आणि भटजींचा आवाज सुरू झाला. आशाबाई उठून भिंतीपाशी गेली आणि कान देऊन उभी राहिली. आवाज येत होता, पण माणसांच्या कलकलाटात शब्द लागत नव्हते.

जमीलाने कोपऱ्यातली धानाची उखळी ओढत आणली. भिंतीला लावून उलटी घातली.

"चढा, बाई," ती म्हणाली.

आशाबाईने मान हलवली. तिने शब्द दिला होता. "दिसीन मी कोणाले तरी," ती म्हणाली.

मग लुगड्याचा काचा खोचून जमीला स्वतःच उखळीवर चढली. तिने भिंतीवरून डोळ्यांपुरतं डोकं वर काढलं.

"अंतरपाट धरला आहे," ती खाली न पाहता सांगू लागली. "नवरदेव उंच आहे, चांगला आहे. नीलानं मान खाली घातली. बापूजी मागं उभे आहेत... अक्षता टाकून राह्यले सगळे."

आशाबाई भिंतीला हात टेकून ऐकत होती.

"आता अंतरपाट काढला."

पुढे एकदम गलका झाला, बँड पुन्हा सुरू झाला. जमीलाला काही दिसेना म्हणून ती चवड्यांवर उभी राहिली.

"हार घेतला तिनं," ती म्हणाली. "हात वर केले, बाई. दोन्ही हात वर केले. बांगड्या दिसून राह्यल्या इथून."

"किती वर?" आशाबाईने विचारलं.

जमीलाने भिंत सोडली आणि उखळीवर तोल सांभाळत आपले दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन तिला दाखवले.